अडचणीतल्या आहेराची वही

आबोली | रविवार, रात्री १०.४५

बरेच महिने इथे नुसती वाचून जात होते. आज घरात सगळे लवकर झोपले, म्हणून लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

आमचे गाव डिचोली तालुक्यात, खाणपट्ट्यातले. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले. हे वर्ष आमच्यावर का उठले ते कळले नाही. मिरगाच्या दुसऱ्या पावसात परसातला फणस स्वयंपाकघरावर पडला. आषाढात आई (सासूबाई) विहिरीकडे शेवाळावरून घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. अकरा दिवस बांबोळीत, सरकारी इस्पितळात काढले. त्याच अकरा दिवसांत हे जिथे गाडी चालवत होते तिथून निरोप आला, पुढच्या महिन्यापासून येऊ नका. आणि चवथीला (गणेश चतुर्थीला) आठ दिवस असताना दादा, म्हणजे सासरे, रात्री पेज जेवून झोपले ते उठलेच नाहीत.

दहाव्या दिवशी बँकेचे पासबुक शोधायला दादांचे कपाट उघडले, तर आमच्या लग्नाची आहेराची वही हाताला लागली. २००८ सालची. दादांचे अक्षर. 'पाटीवरची मावशी, स्टीलचा डबा. वरच्या वाड्यावरून पाकीट, रु. १०१. भाटकारांकडून समई.' प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. कोणाच्या घरी कार्य निघाले की दादा ही वही काढून बघायचे आणि आलेल्यापेक्षा थोडे जास्तच परत करायचे. मग खूण. सतरा वर्षांत तीन ओळी सोडून सगळ्यांना खुणा झाल्या होत्या.

वहीची निम्मी पाने कोरी होती. मला एकदम वाटले, लग्नात कोणी डबा दिला तो आपण लिहून ठेवतो, आणि या चार महिन्यांत जे जे घरात आले ते कुठे लिहिलेय? तिथेच जमिनीवर बसून लिहायला घेतले. त्यातले थोडे इथे देते:

'फणस पडला. वाड्यावरचे चौघे करवत घेऊन, सांगावे लागले नाही. कौले ६०, शेजारच्या पडवीतली.

बांबोळी. समोरच्या खाटेवरच्या बाईचा मुलगा, काणकोणचा. रात्री दोनला आईंना त्यानेच सांभाळले, मी बाहेर बाकावर झोपले होते. नाव विचारायचे राहिले.

बांबोळी. कॅन्टीनच्या रांगेतली म्हातारी. माझ्याकडे सुटे नव्हते, चहाचे तिने दिले.

दादा गेले त्या दिवशी चूल पेटली नाही. खालच्या घरातून पेज आणि मिठातली तोरां (कोवळ्या कैऱ्या). चार घरांतून आलेली पेज उरली, ती गाईला.

पदेर (पाववाला). तेरा दिवस रोज सहा पोई (पाव) दाराला अडकवून गेला. पैसे विचारले तर 'मागीर पळोवया' (नंतर बघू).'

आणि एक नोंद सगळ्यांत मोठी. आमच्या सुतकात चवथ आली. माटोळीच्या (गणपतीवर फळे-फुले टांगतात त्या) लाकडी चौकटीला दादांनी आदल्याच महिन्यात तेल लावून ठेवले होते. धाकटा आठ वर्षांचा आहे. त्याला मरण कळते, पण गणपती का येणार नाही ते कळत नाही. शेजारच्या भाईचा गणपती पाच दिवसांचा. बारावे-तेरावे झाल्याशिवाय आमचे कोणी देवाकडे जाणार नव्हते, आणि तेरावा नेमका त्यांच्या विसर्जनाच्या दिवशी. चौथ्या दिवशी संध्याकाळी भाई अंगणाच्या कडेला उभा राहून यांना म्हणाला, 'आमी औंदा सात दीस दवरतात. घरांत सगळ्यांक बरें दिसता.' म्हणजे यंदा गणपती सात दिवस ठेवणार. बस, एवढेच. कारण आम्ही विचारले नाही, त्याने सांगितले नाही. सहाव्या दिवशी धाकट्याने तिथे झांज वाजवली.

तुमच्याकडे अशी वही असती तर त्यात कोण असते? आणि लाल खूण करायला मिळाली का?

वाचनवेडी | रविवार, रात्री ११.१०

वाचते आहे. आमच्याकडेही आहेराची वही होती, पण तिचा उपयोग भांडायलाच जास्त झाला. 'त्यांनी साडी दिली ती बाजारातली होती' वगैरे.

रोखठोक | सोमवार, सकाळी ८.२०

लिहिलेय चांगले, पण मला हा विषय खुपतो. आजकाल जो तो सांगतो, रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिहा, मन प्रसन्न राहील. माझी आई दोन वर्षे अंथरुणाला होती. आलेला प्रत्येक माणूस सांगून गेला, देव परीक्षा घेतो, जे होते ते बऱ्यासाठीच. एकाने तर सांगितले की या आजारपणामुळे तुमचे कुटुंब जवळ आले, आभार माना. मी त्याला जिना दाखवला. ज्याचे जळते त्यालाच वर 'आभार मान' म्हणायचे ही कसली रीत?

तुमच्या फणसाखाली, हाडाखाली, नोकरीखाली बेरजेची रेघ मारून 'तरी किती चांगले लोक' असे उत्तर काढू नका एवढेच म्हणतो. राग येऊ नये.

आबोली | सोमवार, दुपारी २.०५

राग नाही आला. जिना दाखवलात ते योग्यच केलेत.

पण मी बेरीज-वजाबाकी करत नाहीये. आहेराच्या वहीत 'लग्न चांगले झाले' असे कुठे लिहिलेले असते? लग्न कसे का होईना, स्टीलचा डबा पाटीवरच्या मावशीने दिला एवढेच वही सांगते. तसेच हे. दादा गेले ते बऱ्यासाठी गेले नाहीत. पहाटे पाचला विहिरीवरच्या रहाटाचा आवाज होत नाही तेव्हा मला अजून जाग येते. यांची नोकरी गेली त्यातही काही चांगले नाही, आमच्या दुकानाच्या गल्ल्यात दिसतेच आहे. मला फक्त कोणाचे देणे लागतो ते विसरायचे नाही. दुःखात माणूस फार विसरतो. त्या अकरा दिवसांत मी काय जेवले ते आठवत नाही, म्हणजे कोणी वाढले तेही गेलेच.

दुसरे म्हणजे आमच्या घरात आभार मानायची पद्धतच नाही. शेजाऱ्याला 'धन्यवाद' म्हटले तर तो विचारील, 'किते जालें तुका?' आमचा पदेर मात्र पैसे हातात पडले की दर वेळी 'देव बरें करूं' म्हणतो. म्हणजे आभार मानतानाही फेडायचे काम देवावर सोपवून मोकळा. मला ते परवडणार नाही, माझ्याकडे दादांची लाल पेन्सिल आली आहे.

काजूबोंडू | सोमवार, दुपारी ३.३०

अवांतर : मिठातली तोरां अशी वर्षभर कडक कशी राहतात? माझी श्रावणापर्यंत मऊ पडतात.

तांबडीमाती | सोमवार, रात्री ९.१५

खाणपट्टा म्हटलात म्हणून लिहितो.

२०१२ च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने. तेव्हा माझे दोन ट्रक, एकाचे हप्ते चालू. मग थोडे सुरू झाले, आम्ही पुन्हा टायर घातले. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर सगळे परत ठप्प. त्या निकालाच्या बऱ्यावाईटात मी पडत नाही. आमच्याच गावात विहिरी आटल्या होत्या, शेतात लाल गाळ उतरला होता, तेही डोळ्यांनी बघितलेय. पण हप्ता बँकेला कळतो, गाळ कळत नाही.

ट्रक दारात उभा. टायरात पावसाचे पाणी साचायचे, वाड्यावरची पोरे त्यात बेडूक सोडायची. माझा फिटर होता, त्याचेही काम तसेच गेलेले. तो एके दिवशी आला आणि काही न विचारता दोन्ही ट्रकांच्या बॅटऱ्या काढून घेऊन गेला. मला वाटले, राहिलेल्या बिलापोटी नेल्या. काही बोललो नाही, बोलायला तोंड नव्हते. दीड वर्षाने त्याच्या गॅरेजमध्ये गेलो तर दोन्ही बॅटऱ्या फळीवर, वर खडूने माझ्या गाडीचे नंबर. दर महिन्याला चार्ज करत होता. म्हणाला, खाण सुरू होईल त्या दिवशी तुझी बॅटरी मेलेली नको.

माझ्यासाठी खाण परत सुरू झाली नाही. ट्रक भंगारात वजनावर गेले. बॅटऱ्यांचे पैसे त्याला द्यायला गेलो तर घेतले नाहीत. आता बायको गाडा लावते, श्रावणात पातळभाजी-पाव आणि बाकी वर्ष रोस ऑमलेट. फिटर रोज संध्याकाळी येतो आणि मोजून पैसे देऊन खातो. फुकट घेत नाही. म्हणजे माझी लाल खूण कधीच होणार नाही असे दिसतेय. सांगा, अशा माणसाचे काय करायचे?

काजूबोंडू | सोमवार, रात्री १०.००

तांबडीमाती, फिटरला लांबून नमस्कार.

आबोलीताई, एक शंका. पाच दिवसांचा गणपती असा सातवर नेता येतो का? आमच्याकडे आजी म्हणायची, कुळाचे दिवस मोडले तर देव कोपतो. उगाच काडी टाकत नाही, खरेच विचारते आहे.

निवृत्त_मास्तर | मंगळवार, सकाळी ७.००

काजूबोंडू, आजीशी वाद नको. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळे पाडू लागले तेव्हा मंगेश कुठ्ठाळीहून नदी ओलांडून प्रियोळला गेला, दामोदर मडगाव सोडून जांबावलीला. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. रात्रीच्या अंधारात, कापडात गुंडाळून, होडीतून. ज्या देवांनी जागा बदलून घेतली त्यांना दोन दिवस जास्त राहिल्याचा राग येईल असे मला तरी वाटत नाही. आणि जिथे ते उतरले तिथल्या लोकांनी त्यांना ठेवून घेतले. अंत्रुज महालातल्या (म्हणजे फोंड्याकडच्या) लोकांनी तेव्हा कोणती वही लिहिली माहीत नाही, पण आमच्या मूळ गावची मंडळी अजून दर वर्षी तिथे जत्रेला जातात.

शुद्धलेखन : 'खुब्याचे' बरोबर. बऱ्याच जणांचे चुकते.

मुरगावकार | मंगळवार, सकाळी ११.४०

मास्तरांनी दामोदराचा विषय काढलाच आहे, तर वास्कोचा सप्ताह इथे आलाच पाहिजे. बाहेरच्यांना ती फेरी, म्हणजे नुसती जत्रा वाटते, खाजे आणि खेळणी. सव्वाशे वर्षांपूर्वी गावात साथ आली, माणसे पटापट जाऊ लागली. तेव्हा गावची माणसे जांबावलीला दामोदराकडे गेली आणि तिथला नारळ घेऊन आली. तो नारळ ठेवून चोवीस तास अखंड भजन केले. साथ हटली. तेव्हापासून दर श्रावणात जुना नारळ समुद्रात सोडतात, नवीन ठेवतात आणि चोवीस तास भजन थांबत नाही. ज्यांच्यावर साथ आली त्यांची पणतवंडेही आता म्हातारी झाली, तरी देणे चालूच. व्याजाचा दर काय धरला असेल!

माझ्या घरची गोष्ट लिहावी की नको असे झाले होते. २०२१ चा मे. थोरला भाऊ गेला. शेवटचे बघायलाही मिळाले नाही. मी आणि बायको दोघे घरात बंद, ताप. त्यात १६ तारखेला ते तौक्ते वादळ, वीज गेली ती दोन दिवस. वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू, आमची ओळखही नव्हती. त्याने बाल्कनीतून दोरीला बांधून पिशवी सोडली. कढत पाण्याचा थर्मास, शहाळी दोन आणि चार्ज केलेला टॉर्च. दिवसातून दोन वेळा. पिशवी वर ओढताना तो नेहमी विचारायचा, 'जेवण जालें?' एवढेच.

तो पुढे बदली होऊन गेला. नंबर आहे माझ्याकडे. अजून फोन केलेला नाही. का केला नाही ते मलाही सांगता येणार नाही. त्याचा आवाज ऐकला की तो महिना परत येईल, असे काहीतरी असावे.

पोफळी | मंगळवार, रात्री ११.५५

दोन दिवस हा धागा उघडून बंद करते आहे. सगळ्यांचे वाचून बरे वाटले आणि थोडे वाईटही.

आबोली, तुझ्या वहीत तेरा दिवसांचा आहेर आहे. अपघात, मरण, पूर, याला लोक धावतात, गोव्यात तर धावतातच. माझ्या आईला विसरण्याचा आजार आहे, हे पाचवे वर्ष. पहिल्या महिन्यात माझी पण दहा पाने भरली असती. मग लोकांना सवय होते. दोष देत नाही, मीही इतरांच्या बाबतीत तेच केले असणार. पण जे संपत नाही त्याला आहेर येत नाही, हे लिहून ठेव.

आता आईला मी कोण ते कळत नाही. मी तिला भरवते, न्हाऊ घालते. संध्याकाळ झाली की ती मला म्हणते, 'बाय, उशीर झाला, तुझ्या घरचे वाट बघत असतील, तू जा.' रोज. किती चांगल्या मनाने म्हणते. मला उठून दारापर्यंत जावे लागते आणि परत यावे लागते, मग तिला वाटते दुसरी कोणीतरी आली.

माझ्या वहीत एकच नाव. समोरच्या घरातली मुलगी, कॉलेजात आहे. दीड वर्षापूर्वी म्हणाली, ताई, शुक्रवारी मला दुपारनंतर तास नसतात, मी बसते आजीकडे, तुम्ही म्हापशाचा बाजार करून या. तेव्हापासून एकही शुक्रवार चुकला नाही, परीक्षा सोडून. दोन-अडीच तास. मी बाजारात लिंबू-मिरच्या घेते आणि बाकीचा वेळ नुसती फिरते, टोपल्या बघत. कोणी मला 'तू जा' म्हणत नाही.

पण ऐक. एकदा मी लवकर परतले. दोघी पडवीत बसल्या होत्या आणि आई तिला आबोलीची फाती गुंफायला शिकवत होती. केळीच्या दोरात, चार फुले इकडे, चार तिकडे. आईला स्वतःचे नाव सांगता येत नाही, पण बोटे अजिबात अडत नव्हती. मुलगी चुकली की आई तिच्या हातावर चापट मारायची, जशी मला मारायची. मला फाती कधीच जमली नाही. त्या मुलीला आता येते. मी तिला एकदा म्हटले, तुझे उपकार कसे फेडू? ती खरेच गोंधळली. म्हणाली, ताई, मी तर शिकायला येते.

तर ही नोंद वहीच्या कुठल्या बाजूला करायची?

आबोली | बुधवार, सकाळी ६.१०

पोफळी, तुझे रात्रीच वाचले. उत्तर सुचले नाही. सकाळीही सुचलेले नाही. तू जे 'संपत नाही त्याला आहेर येत नाही' म्हणालीस ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेय, तुझे नाव न घालता.

म्हापसा इथून लांब नाही. माझा शुक्रवार मोकळा नसतो, पण मंगळवारी दुकान दुपारी बंद असते. व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

कागदपत्रे_आणा | बुधवार, दुपारी १२.३०

माझा स्वभाव रुक्ष, म्हणून कामाचे लिहितो. बऱ्याच जणांचे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे (आरोग्य विम्याचे) कार्ड कपाटात असते आणि त्याचे नूतनीकरण केलेले नसते. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंतचे संरक्षण. २०१६ पासून आहे. हाड मोडल्यावर कार्ड शोधायला जाऊ नका, आजच तारीख बघा. दुसरे, घरातल्या बाईसाठीची सरकारी गृह आधार योजना, महिना दीड हजार. फार नाही, पण गॅसचा सिलिंडर आणि थोडे वर निघते. अर्ज भरायला लाज वाटते असे सांगणाऱ्या तीन बायकांचे अर्ज मी स्वतः भरले आहेत. त्यांच्यापैकी एकीने मला काकडी आणून दिली. मी कुठे लिहिली नाही, खाल्ली.

म्हादईकांठ | बुधवार, रात्री ८.५०

काकडीवरून आठवले. आमचे घर सत्तरीत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. २३ जुलै २०२१. १९८२ नंतरचा सगळ्यांत मोठा पूर म्हणतात तो. आम्ही वरच्या देवळात जाऊन बसलो म्हणून माणसे वाचली. घराच्या दोन मातीच्या भिंती बसल्या. तांदळाचा कणगा गेला, मुलांची पुस्तके गेली, आणि न्हाणीतले तांब्याचे भाण गेले. आजीचे भाण, पाण्याच्या तीन घागरी मावायच्या. आई बाकी कशाला रडली नाही, भाणाला रडली.

मदत आली, खूप आली. चटया, बादल्या, बिस्किटांचे पुडे. इतके जुने कपडे आले की आमच्या धाकट्याकडे पाच कोट झाले. सत्तरीत कोट! त्या सगळ्यांची नावे मला ठाऊक नाहीत. पण गणपतीच्या आधी एक दिवस खालच्या गावातला एक माणूस टेम्पो घेऊन दारात आला. भाण त्याच्या कुळागरात पोफळींमध्ये अडकले होते. कोणाचे ते शोधत वर वर प्रत्येक गावात विचारत आला. आणि देण्याआधी त्याच्या बायकोने ते चिंच लावून घासले होते. आरशासारखे. पुरातून मिळालेली वस्तू कोणी घासून परत देतो का? त्याची स्वतःची दीडशे पोफळींची झाडे आडवी झालेली होती.

आई त्याला चहा देताना म्हणाली, 'इतके कशाला घासलेस?' तो म्हणाला, 'चिखलाने परत देणे बरे दिसत नाही.'

वाचनवेडी | बुधवार, रात्री ९.०५

चिखलाने परत देणे बरे दिसत नाही. हे मी घेऊन जाते आहे.

रोखठोक | गुरुवार, सकाळी ८.४५

ठीक आहे. माझीही एक नोंद.

आई अंथरुणाला होती तेव्हा एक बाई यायची, लांबच्या नात्यातली. आम्हाला ती आवडायची नाही, फार बोलते म्हणून. ती आली की आईजवळ बसून गावातल्या लग्नांच्या, भांडणांच्या बातम्या सांगायची, कोणी कोणाची सीमा किती हात सरकवली, कोणाच्या सुनेने काय उत्तर दिले. एकदाही 'देव परीक्षा घेतो' म्हणाली नाही. आईच्या आजाराची चौकशीसुद्धा करायची नाही. आणि आई हसायची. दोन वर्षांत आईला मी तेवढेच हसताना पाहिले. मी आतल्या खोलीत बसून 'ही कधी जाते' म्हणत घड्याळ बघायचो.

गेल्या वर्षी ती वारली. मी गेलो नव्हतो. कामात होतो, म्हणजे तसे सांगितले.

एवढेच. माझे मूळ म्हणणे बदललेले नाही. पाच चांगल्या गोष्टी रोज लिहा वगैरे मला अजूनही पटत नाही.

तांबडीमाती | गुरुवार, रात्री १०.२०

रोखठोक, माझ्याकडेही उलट्या बाजूची पाने आहेत. खाण बंद झाली तेव्हा माझ्या ट्रकावर दोन ड्रायव्हर होते, एक झारखंडचा. मी माझे हप्ते मोजत बसलो. तो कधी गेला, भाड्याला पैसे होते की नाही, विचारले नाही. बॅटऱ्यांची गोष्ट मी दहा जणांना सांगितलीय, ही आज पहिल्यांदा.

मुरगावकार, फोन करा हो.

मुरगावकार | शुक्रवार, दुपारी १.१५

केला. त्याला आधी आठवेना. मग म्हणाला, 'तो थर्मास तुमच्याकडेच राहिला का?' आमच्याकडेच आहे. माळ्यावर. बायकोने सांगितले नव्हते. पुढच्या महिन्यात तो गोव्यात येतोय, तेव्हा न्यायला येईल. चिंच लावून घासायला ठेवलाय.

आबोली | त्यापुढचा रविवार, रात्री ८.३०

पोफळीकडे मंगळवारी जाऊन आले. काय झाले ते तिने सांगावे, मी नाही. फाती मला जमली नाही एवढे सांगते, दोनदा हातावर चापट बसली.

वहीची एक अडचण झाली आहे. दादांच्या खुणा करायची पद्धत इथे चालत नाही. भाईच्या दोन दिवसांच्या गणपतीची परतफेड काय? त्याच्या घरी सुतक यायची वाट बघायची? काणकोणच्या मुलाचे नावही नाही. कौले तेवढी यांनी परत केली, साठला सत्तर. ती एकच लाल खूण. यांना सध्या शाळेच्या मुलांच्या गाडीवर काम मिळालेय, पगार कमी आहे, पण दुपारी घरी असतात आणि आईंना अंगणापर्यंत चालवतात. कालपासून काठी एका हातात.

काजूबोंडू, तोरांसाठी आईंनी सांगितले आहे : मीठ खडा, वर दगडाचे वजन, आणि बरणीत ओला हात घालायचा नाही. तुमचा हात ओला असणार, असे त्या म्हणतात.

आज पदेर सकाळी आला नाही. त्याचा भोंपू ऐकू आला नाही म्हणून हे बेकरीकडे जाऊन आले. त्याची आई कालपासून बांबोळीत, आणि त्याला भट्टी सोडून रात्री तिथे राहता येत नाही. हे आजची रात्र राहायला निघालेत. पेजेचा डबा भरून झाला, तोरां शोधते आहे. बाकीच्यांना नंतर उत्तरे देते.